गाडी रुतली की मुलांना धक्का मारायला उतरवायचं का?

आडवाट

मुलांच्या मैदानी प्रशिक्षणाच्या सहलींमध्ये वाहतूक आणि सामान हे माझं खातं, म्हणून हा प्रश्न इथे टाकतेय.

परवाच्या सहलीत तळाकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर आमची बारा जणांची गाडी मागच्या चाकांनी रुतली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, गाडी निघाली, सहलही पार पडली. वाद मात्र अजून संपलेला नाही. आमचे एक प्रशिक्षक म्हणतात, पंधरा-सोळा वर्षांची धडधाकट पोरं हाताशी असताना ट्रॅक्टरची वाट बघत बसलो. सगळ्यांना मागे लावून एक जोर मारला असता तर गाडी बाहेर आणि पोरांना जन्माची आठवण. दुसऱ्या प्रशिक्षक ताईंनी गाडी थांबल्या थांबल्या मुलांना उतरवून वरच्या अंगाला कोरड्या जागी नेलं आणि शेवटपर्यंत एकालाही खाली येऊ दिलं नाही. फावडं, फळ्या, मग ट्रॅक्टर, असं करत बराच वेळ गेला. मुलं कंटाळून एकमेकांना खडे मारायला लागली होती.

माझं मत सांगते. मुलांना लांब नेलं ते बरोबरच. पण ज्यांना ‘अडचणीत डोकं शांत ठेवा’ हे शिकवायला नेलंय, त्यांना खरी अडचण समोर आल्यावर प्रेक्षक करून बसवायचं हे मला खटकतं. म्हणून धक्का हेच उत्तर, असंही वाटत नाही. गाड्यांतलं कळणाऱ्यांनी लिहा आणि मुलांबरोबर काम करणाऱ्यांनीही लिहा.

गिअरबॉक्स

आडवाट, धक्का मारायचा की नाही हे नंतर. गाडी किती रुतली होती ते आधी सांगा. ‘रुतली’ म्हणून लोक मदतीला बोलावतात आणि जाऊन बघावं तर कधी चाक नुसतं वरच्या पातळ थरावर घसरत असतं, कधी गाडी अख्खी पोटावर बसलेली असते. ही दोन दुखणी वेगळी, औषधंही वेगळी.

चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पहिलं काम म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवरून काढणं. नव्वद टक्के लोक उलटं करतात. फिरणारं चाक गाडी पुढे नेत नाही, खालची माती उपसून मागे फेकतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. दोन मिनिटं जोरात रेस दिली की किरकोळ घसरलेली गाडी ॲक्सलपर्यंत खाली जाते. तेव्हा इंजिन बंद, खाली उतरायचं, चारही चाकं आणि पोट वाकून बघायचं. पोट टेकलेलं असेल तर चाकांवरचं वजनच कमी झालेलं असतं, तिथे कितीही फिरवा, पकड येणार नाही. आधी पोटाखालची माती काढा.

पोट मोकळं असेल तर चाकांच्या पुढची माती उताराने काढायची, म्हणजे चाकाला खड्ड्यातून वर यायला रॅम्प मिळतो. सरळ भिंत ठेवली तर चाक तिच्यावर आपटत राहतं. स्टीअरिंग सरळ. चाकं वळलेली असली की ती स्वतःच नांगरासारखी माती ढकलतात. पहिल्या गिअरमध्ये चाकाला जोर जास्त जातो आणि ते लगेच सुटतं, म्हणून बहुतेक गाड्या दुसऱ्या गिअरवर, क्लच हळू सोडत काढाव्यात. थोडी पुढे, थोडी मागे असं झुलवत झोका वाढवता येतो, पण क्लचचा वास यायला लागला की थांबा. नाहीतर रुतलेली गाडी निघेल आणि चालणारी गाडी उरणार नाही.

एकच चाक फिरतंय आणि दुसरं ढिम्म उभं, असं दिसलं तर गाडी बिघडली असं समजू नका. साधं डिफरन्शियल (इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा भाग) दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एका चाकाखाली लोणी असेल तर दुसऱ्यालाही लोण्याइतकाच जोर मिळतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हँडब्रेक एक-दोन खाचा ओढला तर फिरणाऱ्या चाकाला थोडा अडसर होतो आणि पलीकडच्याला जोर जातो. डिफ-लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ, असेल तर प्रश्नच मिटला. नव्या गाड्यांत चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल असतो, तो चिखलात कधी कधी इंजिनच आवळून धरतो. तो बंद करून बघावा.

आडवाट

गिअरबॉक्स, मागची दोन्ही चाकं साधारण मध्यापर्यंत गेली होती. पोट टेकलं नव्हतं, पण फार फरकही उरला नव्हता.

त्रैराशिक

मध्यापर्यंत असेल तर धक्क्याचा वाद आकड्यांवर सुटतो. रुतलेल्या गाड्या ओढून काढणाऱ्या लष्करी पथकांचा एक ठोकताळा आहे. चाकं मध्यापर्यंत रुतली असतील तर गाडी हलवायला तिच्या वजनाइतका जोर धरून चाला, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट, त्याहून वर तिप्पट. चिखल चाकांना चिकटून धरतो, त्यात चाकापुढे साचलेला ढीग आलाच.

तुमची गाडी सामानासकट तीन टनांची धरू. म्हणजे तीन टनांचा जोर हवा. चिखलात पाय घसरत असताना एक मुलगा किती रेटेल? पक्क्या जमिनीवर पन्नास किलो म्हणा, चिखलात तीस धरणंही उदार आहे. दहा मुलं म्हणजे तीनशे किलो. हव्या त्याच्या दहावा भाग. बाकीचं इंजिनाने द्यायचं, आणि ते तर घसरतंय.

उलट गाडी नुसती वरच्या थरावर घसरत असेल, चाकं आत गेलेली नसतील, तर मऊ जमिनीवर तिला रेटायला वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास जोर पुरतो. तेच तीनशे किलो. तिथे धक्का खरोखर काम करतो. ‘धक्का मारला की निघते’ म्हणणाऱ्यांनी ही गाडी पाहिलेली असते आणि ‘धक्क्याने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी ती. दोघंही खरं बोलतात.

आणखी एक हिशेब, जो कुणी करत नाही. दहा मुलं खाली उतरली की पंचावन्न किलोच्या सरासरीने ५५० किलो वजन गेलं. सामान उतरवलं की आणखी. म्हणजे मुलांनी हात न लावता, नुसतं उतरून, मदत केलीच.

बिनधास्त

आकडे छान आहेत. पण या धाग्यावर सगळे जण मुलं काचेची असल्यासारखं बोलताय. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी जहाज कंपनीवाले लॉरेन्स होल्ट यांच्याबरोबर १९४१ साली वेल्समधल्या अबरडोव्हीला ‘आउटवर्ड बाउंड’ सुरू केलं, ते तरुण खलाशांना खवळलेल्या समुद्रात तग धरता यावा म्हणून. आज जगभरात जे मैदानी प्रशिक्षण चालतं, त्याचं मूळ तिथे आहे. कल्पना साधी होती, माणूस वर्गात घडत नाही, अडचणीत घडतो. मग आपल्या सहलीत आयती अडचण चालून आली तर तिच्यापासून पळायचं? चिखलात पडलं एखादं पोर, तर पडलं. धुऊन निघतं.

आम्ही लहान असताना कुठल्याही गाडीला धक्का मारायला सगळ्यात पुढे असायचो. कुणी मेलं नाही.

मधली सुट्टी

बिनधास्त, ‘कुणी मेलं नाही’ हे वाक्य म्हणायला जे उरतात तेच ते म्हणतात. :)

हान यांचं नाव काढलंत म्हणून लिहिते, कारण याच कामात माझी बरीच वर्षं गेली. अशा प्रशिक्षणात अडचण असते, पण योजलेली. नदी पार करायची तर पाण्याची पातळी आधी बघितलेली असते, खालच्या अंगाला कुणीतरी दोर घेऊन उभं असतं, कुठल्या क्षणी थांबवायचं ते ठरलेलं असतं. मुलाला भीती खरी वाटते, धोका मात्र मोजलेला असतो. रुतलेली गाडी ही ओढवलेली अडचण. तिथे चालक वैतागलेला, प्रशिक्षक घाईत, संध्याकाळ होत आलेली आणि तीन टन लोखंड कुणाच्याच पूर्ण ताब्यात नसलेलं. मुलाला तिथे मजा वाटते आणि धोका कुणी मोजलेला नसतो. बरोब्बर उलटं.

आणि मुलं ‘नाही’ म्हणत नाहीत हा माझा मोठा मुद्दा. प्रशिक्षकाने ‘चला रे’ म्हटल्यावर, मित्र बघत असताना, कुठला सोळा वर्षांचा मुलगा सांगेल की मला भीती वाटतेय? आडवाट यांच्या ताईंना माझा पाठिंबा.

दोरखंड

दोरानेही माणसं जखमी होतात आणि त्याबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर.

मैदानी गटांकडे एक हमखास मोह असतो. आपल्याकडे गिर्यारोहणाचे दोर आहेत, कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) आहेत, काढा बाहेर! कृपा करून नको. चढाईचा दोर पडणाऱ्या माणसाला झेलायला बनवलेला असतो. गाडी ओढायला एकदा वापरला की आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही आणि पुढच्या आठवड्यात तोच दोर एखाद्या मुलीच्या कमरेला असतो. असा दोर त्याच दिवशी कापून टाकायचा, नाहीतर वापरायचाच नाही. कॅराबिनरवर साधारण २० ते २५ किलोन्यूटन लिहिलेलं असतं, म्हणजे दोन-अडीच टन, तेही लांबीच्या दिशेने सरळ ओढ आली तर. आडवा फिरला की सात-आठ किलोन्यूटन, पाऊण टनाच्या आसपास. वरचा त्रैराशिक यांचा तीन टनांचा आकडा आठवा. तुटलेला कॅराबिनर खाली पडत नाही, ताणलेल्या दोराबरोबर सुटतो.

तेच मागच्या टो-बॉलचं. ट्रेलर ओढायला ती गोळी ठीक असते, कारण तिथे ओढ सावकाश येते. रुतलेल्या गाडीला झटके देताना ती तुटून समोरच्या गाडीची काच फोडून आत गेल्याच्या आणि माणसं दगावल्याच्या घटना झालेल्या आहेत. दोर लावायचा तो गाडी बनवणाऱ्याने ओढण्यासाठी दिलेल्या हुकालाच. तो कुठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत असतं, आणि कित्येक गाड्यांत तो सुटा, हत्यारांच्या पिशवीत ठेवलेला असतो, बंपरमधलं झाकण काढून तिथे आटे फिरवून बसवावा लागतो. सहलीला निघण्याआधी तो पिशवीत आहे का ते बघा. चिखलात गुडघ्यावर बसून शोधायची ती वस्तू नाही.

ओढायचे दोर दोन जातींचे. एक ताणला न जाणारा पट्टा, तो सावकाश, आधी ताठ करून, सलग ओढायला. दुसरा नायलॉनचा जाड दोर, तो तीसेक टक्के ताणतो आणि परत आखडताना रुतलेल्या गाडीला उपटून काढतो. नऊ मीटरचा दोर अडीच-पावणेतीन मीटर ताणलेला असतो तेव्हा त्यात किती जोर साठलाय याचा अंदाज करा. पहिल्या जातीच्या पट्ट्याला दुसऱ्यासारखे झटके दिले तर काहीतरी तुटतंच. दोराच्या मध्यावर जाड घोंगडं नाहीतर मातीने भरलेली पिशवी टाकायची, म्हणजे तुटला तरी तो उडण्याऐवजी खाली बसतो. बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं राहायचं, आणि दोराच्या रेषेत कधीच नाही. ताठ दोर ओलांडणाऱ्याला मी हाताखाली ठेवत नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

गिअरबॉक्स

दोरखंड, शंभर टक्के. त्यात ट्रॅक्टरचं एक जोडतो, कारण आडवाट यांच्याकडे शेवटी ट्रॅक्टरच आला होता. ट्रॅक्टरला दोर नेहमी मागच्या खालच्या ओढपट्टीला बांधायचा. घाईत कुणी वरच्या दांड्याला किंवा ॲक्सलच्या वर कुठे बांधला आणि समोरची गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं जातं आणि तो मागे उलटतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. गाडी काढायला आलेला माणूस मदतीला आलाय म्हणून आपण गप्प राहतो. राहू नये.

शेवटचा बाक

मी सतरा वर्षांचा आहे आणि अशा सहलींना जातो. सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून लिहितो.

मधली सुट्टी ताई, तुम्ही म्हणता ते खरंय, आम्ही ‘नाही’ म्हणत नाही. पण ‘तिकडे जाऊन बसा’ म्हटल्यावर काय होतं तेही सांगतो. पाच मिनिटं आम्ही बसतो. मग कुणीतरी व्हिडिओ काढायला दोन पावलं पुढे जातो. मग त्याच्या मागे चार जण. अर्ध्या तासाने निम्मे जण दोरापाशी असतात आणि कुणाचंच लक्ष नसतं. नुसतं बसवलेला पोरगा हा काम दिलेल्या पोरापेक्षा जास्त धोक्यात असतो, असं मला वाटतं.

आमच्या एका सहलीला गाडी अडकली तेव्हा तिथल्या सरांनी आम्हाला सपाट दगड आणि वाळक्या फांद्या आणायला पाठवलं होतं. वाटेचा पुढचा भाग पायी बघून यायला दोघांना सांगितलं, कुठे काठी किती आत जाते ते मोजून. गाडीजवळ आम्ही गेलोच नाही, पण आमच्यामुळे निघाली असंच सगळे घरी सांगत होते.

गिअरबॉक्स काका, एक विचारू? फांद्या चाकाखाली नक्की कुठे घालतात? आम्ही आणल्या पण घातल्या मोठ्यांनी.

गिअरबॉक्स

बाळा, हा चांगला प्रश्न आहे. चाकाच्या पुढे, ज्या दिशेला गाडी काढायची त्या दिशेला, जमेल तितक्या चाकाच्या खाली सारून. गाडीच्या दिशेला आडव्या, एकमेकींना चिकटून, आणि एक-दोन हात लांबीच्या नाही तर पुढे पक्की जमीन लागेपर्यंत. नुसत्या चाकाखाली दोन फांद्या घातल्या तर चाक त्यांच्यावरून जातं आणि पुढच्या वितीत परत रुतून बसतं. गाडीतले पायपुसणे घालायची पद्धत आहे, ती मला आवडत नाही. पातळ वस्तू चाक मागे भिरकावतं. फळी, दगड, फांदी, काहीही घातलं तरी चाक फिरताना त्याच्या मागच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

धक्का मारणारे नेमके तिथेच उभे असतात. बिनधास्त, हे तुमच्यासाठी.

जुनी वही

थोडं विषयांतर, पण फांद्यांवरून आठवलं म्हणून. दलदलीवर लाकूड आंथरायची युक्ती फारच जुनी आहे. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या दलदलीत १९७० साली एक फळ्यांची पायवाट सापडली. लाकडाच्या वर्तुळांवरून तिचं साल काढता आलं, इसवीसनपूर्व ३८०७ किंवा ३८०६. जवळजवळ पाच हजार आठशे वर्षांपूर्वी लोक चिखलात पाय न बुडवता जाण्यासाठी ओकच्या फळ्या टाकत होते.

मोटारींच्या बाबतीत राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं नाव घेतलं जातं. १९२०-३० च्या दशकांत तो लिबियाच्या वाळवंटात गाड्या घेऊन हिंडला. वाळूत रुतलेल्या चाकांखाली पोलादी पन्हळी घालायच्या आणि टायरमधली हवा कमी करायची, या गोष्टी त्याच्या मोहिमांत नेहमीच्या झाल्या. १९४० मध्ये वाळवंटात लांबवर शिरणारं लष्करी पथक त्याने उभं केलं तेव्हा हीच विद्या कामाला आली. आज बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या खाचेच्या पट्ट्या म्हणजे त्या पन्हळींची नातवंडंच.

त्रैराशिक

जुनी वही, विषयांतर कसलं, हवा कमी करणं हा तर सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि आत्तापर्यंत कुणीच लिहिला नव्हता. टायरमधली हवा कमी केली की तो पसरतो, जमिनीला टेकणारी जागा वाढते, प्रत्येक इंचावरचा भार उतरतो. साधारण ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असेल तर चिखलात २० च्या आसपास आणता येते. पण दोन अटी. हवा भरायचा पंप बरोबर असला पाहिजे, आणि पक्क्या रस्त्यावर वेग घेण्याआधी परत भरली पाहिजे. कमी हवेवर वेगाने चालवलेला टायर तापून फुटतो, वळणावर रिममधून निघतो. भरलेल्या गाडीत मुलं बसलेली असताना तर अजिबात नको. पंप नसेल तर हा उपाय विसरा.

पट्टी-बोळा

मी परिचारिका आहे आणि अशा शिबिरांना प्रथमोपचारासाठी जाते. वर ‘चिखलात पडलं तर धुऊन निघतं’ असं कुणीतरी लिहिलंय. कपडे निघतात हो.

सगळ्यात आधी सायलेन्सर. गाडी मागे रुतली की धुराड्याचं तोंड चिखलाने बंद होतं किंवा बुडतं. त्यात थंडी किंवा पाऊस असेल तर कुणीतरी म्हणतं, मुलांना आत बसवा, इंजिन चालू ठेवा, उबदार वाटेल. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं दमलेल्या मुलात कुणाला वेगळी वाटत नाहीत. झोपलंय म्हणून सोडून देतात. इंजिन चालू असलेल्या रुतलेल्या गाडीत कुणी बसायचं नाही, एवढा एक नियम जरी पाळला तरी पुष्कळ.

दुसरं, ओलं अंग. पाणी हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेतं. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही, दहा-पंधरा अंश, ओले कपडे आणि वारा एवढं पुरतं. धक्का मारून घामाघूम आणि चिखलाने भिजलेली मुलं मग दोरापासून लांब उभी राहून वाट बघतात, आणि गार पडतात. बडबड बंद झालेलं, जीभ जड झालेलं, पाय अडखळणारं मूल दिसलं की आधी कोरडे कपडे, वाऱ्याचा आडोसा. आडवाट, तुमच्या त्या ताईंनी मुलांना कोरड्या जागी नेलं यामागे हे असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

तिसरं, पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्याच्या चिखलात जाऊ देऊ नका. जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो जखमेतून शिरतो. लक्षणं दिसायला दोन दिवसांपासून महिनाही लागू शकतो, त्यामुळे घरी गेल्यावर ताप आला तर सहलीची आठवणच कुणाला होत नाही. सहलीनंतर पालकांना लिहिताना ही एक ओळ घालावी. धनुर्वाताची लस झालीय का हे तर नोंदणी करतानाच विचारायचं.

बिनधास्त

पट्टी-बोळा ताई, सायलेन्सरचं माहीत नव्हतं. शब्द मागे. म्हणजे तेवढ्यापुरते मागे. :) पण किरकोळ घसरलेल्या गाडीला, त्रैराशिक यांच्याच हिशेबाने, धक्का चालतो ना? मग तिथेही मुलांना हात लावू द्यायचा नाही का?

मधली सुट्टी

तिथे चालेल, माझी ना नाही. पण कसा, ते ठरवून. गाडी पुढे काढायची असेल तरच. मागे काढायची गाडी मागून कुणी धरायची नाही, ती निसटली तर धरणाऱ्याच्या अंगावर येते. दोन गाड्यांच्या मध्ये कुणी नाही. उतारावर मुळीच नाही. चाकांच्या रेषा सोडून, मधल्या भागावर किंवा बाजूच्या खांबांवर तळहात टेकून, काचेवर किंवा दारावर नाही. गाडी एकदम सुटली की रेटणारा तोंडावर आपटतो, म्हणून पुढे झुकून सगळा भार गाडीवर टाकायचा नाही. एकच माणूस आवाज देणार आणि त्या माणसाला चालक आरशात दिसला पाहिजे. ‘थांबा’ मात्र कुणीही म्हणू शकतं, सगळ्यात लहान मुलगीसुद्धा, आणि ते ऐकलंच पाहिजे.

एवढं सगळं सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं देण्याइतका धीर ज्या प्रशिक्षकाकडे नाही, त्याने मुलांना गाडीपाशी नेऊ नये.

चाकोरी

मी जमीनवाल्याच्या बाजूने लिहितो. तुम्ही गाडी काढून निघून जाता. मागे दोन खोल चाकोऱ्या उरतात, पुढच्या पावसात त्यांतून पाणी वाहायला लागतं आणि वर्षभरात तिथे ओहोळ होतो. दाबलेली जमीन सावकाश मोकळी होते, कैक वर्षं तिथे नीट उगवत नाही. शिवाय वाट टाळून कडेच्या गवतातून गाडी घालणारे असतात, ते तर एकाच्या दोन वाटा करतात.

दोर झाडाला बांधायचा असेल तर रुंद पट्टा, बुंध्याच्या अगदी खाली. बारीक दोराने किंवा तारेने साल कापली गेली की झाड उभं दिसतं आणि हळूहळू वाळतं. आणि ज्याची जमीन त्याला आधी विचारा. बहुतेक वेळा गाडी काढायचा सर्वांत सोपा रस्ता त्यालाच ठाऊक असतो.

शेवटचा बाक म्हणतो तसं मुलांना काम हवंच असेल, तर हे द्या. गाडी निघून दूर उभी राहिली, इंजिन बंद झालं, की फावडी मुलांच्या हातात. खड्डे भरायचे, आणलेले दगड परत न्यायचे, पाण्याला बाजूला वाट काढून द्यायची. इथे कुणाला काही होत नाही आणि काम खरं आहे.

आडवाट

चाकोरी, तुमचं पटलं. आमच्या ताई हा धागा वाचताहेत, त्यांनी निरोप दिलाय की मुलांना वर नेलं ते गार वाऱ्यामुळे नव्हे, ‘ट्रॅक्टर येतोय’ असं ऐकल्यामुळे. दोर तुटताना त्यांनी एकदा पाहिलाय म्हणे.

पुढच्या सहलीआधी जिथे गाडी न्यायची ती वाट एका मोठ्या माणसाने मुलांपैकी दोघांना घेऊन पायी बघून यायची, आणि पाऊस झाला असेल तर गाडी पक्क्या रस्त्यालाच ठेवून सामान पाठीवर न्यायचं, असं आमच्यात बोलणं झालंय. आमच्या त्या पहिल्या प्रशिक्षकांना ते अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, तळ चार किलोमीटर आत आहे. मुलांचं म्हणणं, चालू की.

गिअरबॉक्स

चार किलोमीटर ओझं घेऊन चालणं हेच तर प्रशिक्षण ना? सर कुणाची सोय बघताहेत?

आडवाट

तेच मी विचारलं. उत्तर आलं नाही अजून. :)

शेवटचा बाक

काका, अजून एक. ती आमची गाडी निघाल्यावर मोठ्या रस्त्याला लागली आणि साठच्या पुढे गेली की स्टीअरिंग थरथरायला लागलं. सर म्हणाले अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, गेलं. रुतल्यामुळे जातं का?

गिअरबॉक्स

जाऊ शकतं, पण पैसे खर्च करायच्या आधी चाकांच्या रिमची आतली बाजू बघा. चिखल तिथे एकाच अंगाला चिकटून वाळतो, चाकाचा तोल जातो आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरते. बाहेरून गाडी धुतली तरी तो तसाच असतो. पाण्याची जोरदार धार आतून मारायची. धुतानाच ब्रेकवर, रेडिएटरच्या जाळीत किती साचलंय तेही बघून घ्या, रेडिएटर बुजला तर पुढच्या चढाला इंजिन तापतं. आणि रस्त्याला लागल्यावर आधी हळू असताना दोन-तीनदा ब्रेक दाबून बघायचा, ओल्या चिखलाने तो उशिरा लागतो.

शेवटचा बाक

रिमच्या आत बोटभर वाळलेला चिखल निघाला काका, एकाच बाजूला. सरांना फोटो पाठवलाय.